जुन्या गाडीचे गिअर ऑइल : बदलावे की राहू द्यावे?

इंजिनाचे तेल वेळच्या वेळी बदलावे लागते, हे आज कोणत्याही गाडीमालकाला निराळे सांगावे लागत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर ती नोंद पहिल्या ओळीतच असते. परंतु त्याच गाडीच्या पोटात आणखी एक तेल असते. त्याची आठवण सहसा कोणालाच होत नाही. गाडी दहा-बारा वर्षांची होते, मीटरवर दीड लाखाचा आकडा उलटतो, आणि मग केव्हातरी मेकॅनिक विचारतो, ‘साहेब, गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले होते?’ बहुतेक वेळा या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘कधीच नाही’ असेच असते. त्यापुढचा सल्ला मात्र गॅरेजागणिक बदलतो. एक म्हणतो, आजच बदला. दुसरा म्हणतो, इतकी वर्षे चालले आहे तर आता हात लावू नका, तेल बदलले की गिअरबॉक्स जातो. या दोन सल्ल्यांपैकी खरा कोणता, आणि चुकीचा सल्ला मानल्यास खिशाला किती मोठे भोक पडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विचार करण्यास जबलपूर शहरालगतच्या खमरियासारखी दुसरी जागा शोधून सापडणार नाही. जबलपुरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, १९४२ साली खमरियाची आयुध निर्माणी आली आणि १९६९ साली वाहन निर्माणी सुरू झाली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तयार होणारा ‘शक्तिमान’ ट्रक आणि निस्सानच्या आराखड्यावर बेतलेली ‘जोंगा’ ही सैन्याची दोन्ही वाहने जबलपूरचीच. ‘जोंगा’ हे नावदेखील जबलपूरच्या आयुध व तोफगाडी कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील आयुध निर्माण्यांची सात सरकारी कंपन्यांत फेररचना झाली आणि खमरियाची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये समाविष्ट झाली. नाव बदलले तरी तेथील कामाची शिस्त तीच आहे. दारूगोळ्याच्या प्रत्येक खेपेला क्रमांक असतो, तारीख असते आणि साठवणीचे ठरलेले आयुष्य असते. बाहेरून वस्तू कितीही चकचकीत दिसो, मुदत संपली की ती तपासल्यावाचून वापरावयाची नाही, हा नियम या वसाहतीतील माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो. तोच नियम दाराशी उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीला लावावयाचा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

प्रश्न आताच का उद्भवला?

शक्तिमान आणि जोंगा यांचे गिअर हातानेच टाकावे लागत. सामान्य माणसाच्या मोटारीचेही तसेच होते. आपल्याकडे २००३ सालच्या होंडा सिटीमध्ये सीव्हीटी प्रकारचा स्वयंचलित गिअर मिळू लागला. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी हा स्वस्त प्रकार आणला, आणि क्लच न दाबता चालणारी गाडी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली. गुडघ्यांच्या तक्रारी सुरू झालेल्या निवृत्तांना तर ही सोय विशेष भावली. त्या पहिल्या वर्षांत घेतलेल्या गाड्या आता मोठ्या किलोमीटरच्या झाल्या आहेत.

खमरिया आणि जबलपुरातील मराठी कुटुंबांच्या गाड्यांचे किलोमीटर वाढण्यास आणखी एक कारण आहे, ते म्हणजे नागपूर. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. राज्ये वेगळी झाली, पण सोयरीक तुटली नाही. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता सणासुदीला, लग्नकार्याला आणि दवाखान्यासाठी वर्षातून अनेकदा तुडवला जातो. मे महिन्याचे चाळीस अंशांवरचे ऊन, गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, वातानुकूलन चालू आणि सिवनी ओलांडल्यावर कुरईचा घाट. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचीही परीक्षा अशाच प्रवासात होते, आणि बिघाड व्हावयाचा तो घराच्या अंगणात होत नाही, घाटातच होतो.

हे तेल नेमके काय काम करते?

इंजिनातून निघालेली ताकद चाकांपर्यंत योग्य वेगाने व योग्य जोराने पोहोचवणे हे गिअरबॉक्सचे काम. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत तेलाचे काम त्या मानाने सरळ असते. दातेरी चाकांमध्ये तेलाचा पातळ थर राखणे, झीज रोखणे आणि उष्णता वाहून नेणे. लहान मोटारीत हे तेल साधारणपणे दोन-अडीच लिटर असते.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या स्वयंचलित गाडीत मात्र तेल एकाच वेळी अनेक जबाबदाऱ्या पार पाडते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पायाने दाबावयाचा क्लच नसतो. त्याच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. येथे वाऱ्याऐवजी तेल असते. म्हणजे गाडीची ओढ तेलातूनच पुढे जाते. पुढे हेच तेल दाबाखाली बारीक मार्गांतून फिरून गिअर बदलण्याचा हुकूम पोहोचवते, आतील क्लच प्लेटा आवळते व सोडते, वंगण पुरवते आणि उष्णता बाहेर नेते. केशवाहिनीसारख्या त्या मार्गांत कचरा अडकला किंवा तेलाचा गुण बदलला, की गिअर उशिरा पडतो, धक्का बसतो किंवा इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही.

सीव्हीटीमध्ये दातेरी गिअरांऐवजी दोन पुल्यांमध्ये पट्टा फिरतो. मोटारींमध्ये तो बहुधा पोलादाचा असतो. तो पट्टा घसरू नये म्हणून तेथे खास वेगळे तेल लागते. एएमटी ही मुळात हाताचीच गिअरबॉक्स आहे. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे यंत्र करते, एवढाच फरक. म्हणून तिच्यात साधे गिअर ऑइल असते, आणि गिअर बदलणारी यंत्रणा द्रवाच्या दाबावर चालत असल्यास तिचे तेल स्वतंत्र असते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे जाणून घेणे ही पहिली पायरी होय. ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढे सांगून भागत नाही.

तेल जुने का होते?

गिअरबॉक्समध्ये इंजिनासारखे पेट्रोल जळत नाही, मग तेल खराब का व्हावे, अशी शंका रास्त आहे. याची कारणे तीन. पहिले कारण उष्णता. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल चालत्या गाडीत साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. चढावर, ओझ्याखाली आणि रांगत चालणाऱ्या वाहतुकीत ते याहून तापते. तेलाच्या रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचा हवेशी संयोग होऊन ते बिघडण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांनी चौपट. त्यामुळे थंड प्रदेशात मोकळ्या रस्त्यावर चाललेली लाख किलोमीटरची गाडी आणि मध्य भारतातील उन्हात शाळा-बाजाराच्या फेऱ्या मारलेली लाख किलोमीटरची गाडी, यांचे आकडे सारखे असले तरी तेल सारखे नसते.

दुसरे कारण झीज. क्लच प्लेटांच्या अस्तराचे आणि धातूचे अतिसूक्ष्म कण तेलात मिसळत राहतात. काही कण फिल्टरमध्ये अडकतात, तर लोखंडाचे कण गिअरबॉक्सच्या चेंबरमधील चुंबकावर साचतात. तिसरे कारण मिश्रणांचा क्षय. तेलात झीज, फेस व गंज रोखणारी आणि घर्षण नेमके राखणारी द्रव्ये घातलेली असतात. ती हळूहळू खर्च होतात. तेलाची पातळी तीच राहते, पण त्यातील कस कमी होत जातो. ताळेबंदात मालमत्तेचा आकडा तोच दिसावा आणि आतून तिचे मूल्य घटलेले असावे, असाच हा प्रकार आहे.

‘हात लावू नका’ या सल्ल्यामागचे तथ्य

हा सल्ला देणारा मेकॅनिक लबाड असतो असे नाही. त्याने खरोखरच तेल बदलल्यावर आठवड्याभरात बंद पडलेल्या गाड्या पाहिलेल्या असतात. प्रश्न एवढाच, की त्या गाड्या तेल बदलल्यामुळे बंद पडल्या काय?

बहुतेक मालक तेल बदलण्याचा विचार केव्हा करतात, हे पाहिले की उत्तर सापडते. गिअर घसरू लागतो, धक्के बसू लागतात, तेव्हाच गाडी गॅरेजात जाते. त्या वेळी क्लच प्लेटांचे अस्तर आधीच झिजून गेलेले असते. मोठ्या दुरुस्तीचा खर्च ऐकून मालक म्हणतो, आधी तेल तरी बदलून पाहू. तेल बदलले जाते, झिजलेल्या प्लेटा काही नव्या होत नाहीत, आणि थोड्याच दिवसांत गिअरबॉक्स थांबतो. दोष मात्र नव्या तेलावर येतो. शेवटच्या घटकेला बोलावलेल्या वैद्याच्या माथी रोग्याचे मरण मारावे, तसे हे होते. ज्या गाड्यांत काही त्रास नसताना तेल बदलले गेले आणि ज्या पुढे सुखाने चालत राहिल्या, त्यांची आठवण कोणाला राहत नाही, कारण त्या गॅरेजात परत येतच नाहीत.

तरीही या समजुतीत तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारता कामा नये. यंत्राने जोराचा दाब देऊन सर्व तेल एकदम धुऊन काढण्याची एक पद्धत आहे. वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ या दाबाने उखडून त्या बारीक मार्गांत अडकू शकतो. नियमित काळजी घेतलेल्या गाडीत हा धोका कमी असतो, पण दीड लाख किलोमीटर ज्या गाडीला कोणी हातच लावला नाही तिच्यासाठी ही पद्धत टाळणे शहाणपणाचे. दुसरा धोका चुकीच्या तेलाचा आणि तिसरा चुकीच्या पातळीचा. तेव्हा नव्या तेलाची भीती बाळगण्याचे कारण नाही. सांभाळावयाची असते ती बदलण्याची रीत.

आधी तपासणी, मग निर्णय

कर्ज मंजूर करण्यापूर्वी जशी कागदपत्रे पाहिली जातात, तसे तेल बदलण्यापूर्वी गाडीचे लक्षण पाहावे. जुन्या धाटणीच्या अनेक स्वयंचलित गाड्यांत तेल पाहण्यासाठी डिपस्टिक असते. नव्या गाड्यांत ती बहुधा नसते आणि गाडी उचलून खालचा बोल्ट उघडावा लागतो. थोडे तेल पांढऱ्या कागदावर किंवा कापडावर टाकून पाहावे.

नवे स्वयंचलित गिअर ऑइल बहुधा पारदर्शक लाल असते. हा लाल रंग त्याचा नैसर्गिक गुणधर्म नव्हे. इंजिनाच्या तेलापासून ते चटकन वेगळे ओळखता यावे म्हणून तो घातलेला असतो. काही कंपन्यांचे तेल हिरवे, निळे किंवा पिवळसरही असते. त्यामुळे केवळ रंगावरून निवाडा करू नये. रंग, वास आणि चालत्या गाडीचे वागणे या तिन्हींचा एकत्र विचार करावा. त्यावरून गाड्यांचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग : तेल तपकिरी झाले आहे, पण करपल्याचा वास नाही आणि गिअर सुरळीत पडतात. या गाडीचे तेल निःशंकपणे, पण टप्प्याटप्प्याने बदलावे. सर्वांत जास्त लाभ हिलाच होतो.

दुसरा वर्ग : तेल गडद आहे, क्वचित धक्का बसतो, पूर्वीची काहीच नोंद नाही. येथे आधी संगणकीय तपासणी करून गिअरबॉक्सच्या नियंत्रकात दोषाची नोंद आहे काय ते पाहावे. चेंबर उघडल्यावर चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला, तर ती नेहमीची झीज समजावी. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे आढळले, तर मामला गंभीर आहे.

तिसरा वर्ग : तेल काळे आहे, करपल्याचा वास येतो, चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी ओढत नाही. येथे तेल हा उपाय राहिलेला नाही. नव्या तेलावर पैसे घालण्याआधी दुरुस्तीचे अंदाजपत्रक घ्यावे आणि गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहावे.

चौथा वर्ग : तेल दुधाळ गुलाबी दिसते. याचा अर्थ तेलात पाणी शिरले आहे. पुराच्या पाण्यात गाडी उभी राहिल्याने किंवा रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी फुटल्याने असे होते. अशी गाडी चालवू नये, उचलूनच न्यावी.

हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत आणखी एक विवेक लागतो. गिअर जड पडत असेल तर दोष क्लचचाही असू शकतो. क्लच तपासल्यावाचून केवळ तेल बदलून सुटकेची अपेक्षा ठेवू नये.

टप्प्याटप्प्याने बदल : घटत्या शिल्लकीचे गणित

हाताच्या गिअरबॉक्समध्ये खालचा बोल्ट उघडला की जवळजवळ सर्व तेल बाहेर येते. म्हणून तेथे एकदाच बदल पुरतो. तेल कोमट असताना काढावे म्हणजे गाळासह वाहून येते. येथे एक साधी खबरदारी मोलाची ठरते. आधी वरचा, तेल भरण्याचा बोल्ट सैल होतो की नाही ते पाहावे आणि मगच खालचा उघडावा. वर्षानुवर्षे गंजलेला वरचा बोल्ट उघडलाच नाही, तर तेल काढलेली गाडी जागेवरच अडकून पडते.

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र बोल्ट उघडल्यावर एकूण तेलापैकी सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच बाहेर येते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टर व नळ्यांमध्ये राहते. ही अडचण वाटते, पण जुन्या गाडीसाठी तीच सोय आहे. समजा, एकूण तेल ७ लिटर आहे आणि एका वेळी ३ लिटर निघते. पहिल्या बदलानंतर आत ४ लिटर जुने तेल उरते, म्हणजे सुमारे ५७ टक्के. काही शे ते हजार किलोमीटर गाडी चालवून पुन्हा ३ लिटर बदलले, की जुन्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर येते. तिसऱ्यांदा बदलल्यावर ते सुमारे १९ टक्के राहते.

वाणिज्य शाखेच्या वाचकांना हे गणित ओळखीचे वाटेल. घसारा काढण्याच्या घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत दरवर्षी मूळ किमतीवर नव्हे, तर उरलेल्या मूल्यावर टक्केवारी लागते. तसेच येथे प्रत्येक वेळी उरलेल्या जुन्या तेलाचा सुमारे ४३ टक्के भाग कमी होतो. शिल्लक शून्यावर कधीच येत नाही, पण ती यावी अशी गरजही नसते. तिसऱ्या बदलानंतर चौथ्याचा लाभ खर्चाच्या मानाने थोडा उरतो. हळूहळू बदल झाल्याने साचलेला गाळ एकदम उखडत नाही, आणि दोन टप्प्यांमध्ये गाडीचे वागणे पाहून पुढचा निर्णय घेता येतो. फिल्टर बदलता येण्याजोगा असल्यास पहिल्याच टप्प्यात चेंबर उघडून तो बदलावा, चुंबक पुसावा आणि नवी गॅस्केट बसवावी.

भरावयाचे तेल मोजून भरावे. जेवढे निघाले तेवढेच भरा, हा सोपा नियम आहे. पण गळतीमुळे आधीच पातळी कमी असेल तर तो फसवतो. म्हणून शेवटी सपाट जागेवर, निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला आणि त्याच्या पद्धतीनेच पातळी तपासावी. टॉर्क कन्व्हर्टरच्या बहुतेक गाड्यांत ही तपासणी इंजिन चालू ठेवून करतात. तेल कमी पडले तर दाब कमी होतो. जास्त झाले तर फेस होतो, आणि फेसाने दाब राहत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, क्लच प्लेटा घसरतात.

कोणते तेल घालावे?

‘सगळी तेले सारखीच’ हे वाक्य ऐकू आले की सावध व्हावे. स्वयंचलित गाड्यांचे तेल निसरडे हवे तसेच योग्य वेळी पकड घेणारेही हवे. हा तोल किती नाजूक असतो, याचा दाखला इतिहासात आहे. अमेरिकेत १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांबरोबर पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आला. पुढे अशा गाड्यांच्या तेलात घर्षण नेमके राखण्यासाठी स्पर्म व्हेल या महाकाय सागरी सस्तन प्राण्याचे तेल मिसळले जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी व्हेल संरक्षणासाठी तेथे या तेलावर बंदी आली, तेव्हा त्याच्या तोडीचा पर्याय शोधताना तेल कंपन्यांची दमछाक झाली. एक घटक बदलला तर एवढी उलथापालथ होते, मग मुळात भलत्याच जातीचे तेल घातल्यास काय होईल, हे सांगणे नलगे.

हाताच्या गिअरबॉक्समध्येही असाच बारकावा आहे. डब्यावर ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ अशी प्रत छापलेली असते. पाच म्हणजे चारापेक्षा चांगले, असा समज करून घेऊ नये. जीएल-५ मध्ये अतिदाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक असतात, आणि ती गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्यांना अपायकारक ठरू शकतात. म्हणून जेथे जीएल-४ सांगितले आहे तेथे तेच घालावे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तेलाचे नाव, प्रत व मात्रा दिलेली असते. पुस्तिका हरवली असल्यास अधिकृत विक्रेत्याकडून ती माहिती लेखी घ्यावी आणि डब्याचे सील आपल्यासमोर फोडावयास सांगावे.

‘आजीव’ या शब्दाचा अर्थ

काही पुस्तिकांत गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरले असल्याचे म्हटलेले असते. येथे प्रश्न विचारावयाचा तो असा, की आयुष्य कोणाचे? पहिल्या मालकाचे, हमीच्या मुदतीचे, की गाडीचे? जगातील अनेक नामवंत मोटारींना स्वयंचलित गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी मोटारींच्या अशा गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा जास्तीत जास्त ८ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलण्याची शिफारस करते. गिअरबॉक्स घडवणाराच असे म्हणत असेल, तर ‘आजीव’ या शब्दावर विसंबून राहण्यात हशील नाही. शिवाय बहुतेक पुस्तिकांत कडक ऊन, चढ, धूळ, ओझे आणि थांबत-थांबत जाणारी वाहतूक यांना ‘कठीण वापर’ असे नाव देऊन मुदत कमी केलेली असते. आपल्याकडील सामान्य वापर हा पुस्तिकेच्या भाषेत बहुधा कठीण वापरच असतो.

खर्चाचे गणित आणि तरतूद

उदाहरणादाखल असे धरू, की एका टप्प्याला तेल व मजुरी मिळून ६,००० रुपये लागतात. तीन टप्प्यांचे १८,००० रुपये झाले. गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्याचा खर्च त्याच गाडीसाठी ९०,००० रुपये धरू. प्रत्यक्ष आकडे गाडीप्रमाणे कमी-अधिक होतील, पण प्रमाण ध्यानात यावे. पहिला खर्च आपण ठरवलेल्या दिवशी होतो. दुसरा गाडी ठरवते त्या दिवशी होतो, आणि त्यात टोइंगचे भाडे, मोडलेला प्रवास व मनस्ताप धरलेला नाही.

विम्याचा आधार येथे मिळत नाही, हे अनेकांना ऐन वेळी कळते. गाडीच्या नुकसानीच्या नेहमीच्या पॉलिसीत अपघात, चोरी, आग, पूर यांचे संरक्षण असते. वापराने होणारी झीज आणि यांत्रिक बिघाड मात्र वगळलेले असतात. विम्यासाठी गाडीचे घोषित मूल्यही दरवर्षी उतरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा लागतो आणि पाच वर्षांनंतर मूल्य विमा कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. याचा अर्थ, जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचा विमा म्हणजे मालकाची स्वतःची तरतूद. पाच वर्षांनी होणाऱ्या १८,००० रुपयांच्या खर्चासाठी दरमहा ३०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते पुरेसे आहे. वर व्याज मिळेल ते निराळे.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, आणि पुढे योग्यता तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गाडी तेराव्या-चौदाव्या वर्षात असेल तर पुढील पाच वर्षे ती ठेवावयाची आहे काय, हे आधी ठरवावे. ठेवावयाची असल्यास तेलाचा खर्च सार्थकी लागेल. सहा महिन्यांत विकावयाचीच असल्यास निदान तपासणी करून खरी स्थिती घेणाऱ्याला सांगावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आणि त्यासाठी कर्ज काढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. गाडीच्या किमतीत तिचे मॉडेल, वय आणि रंगरूप मोजले जाते. गिअर ऑइलचे वय कोठेच दिसत नाही. ते दाखवणारा एकच कागद असतो, तो म्हणजे तारीख, किलोमीटर, तेलाचे नाव आणि लिटर लिहिलेले बिल. असा कागद नसेल तर तेल कधीच बदललेले नाही असे समजून तो खर्च सौद्यात धरावा. आणि चाचणीसाठी गाडी फिरवताना ती थंड असताना व तापल्यावर, अशी दोनदा चालवून पाहावी. तापल्यावर दिसणारे दोष पाच मिनिटांच्या फेरीत दिसत नाहीत.

काढलेल्या तेलाचे काय?

वापरलेले तेल हा केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते गटारात ओतू नये, वाळवी मारण्यासाठी लाकडाला फासू नये, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडू नये. जबलपूरच्या उताराचे पाणी अखेर नर्मदेच्या खोऱ्यातच जाते. घरी तेल बदलणाऱ्यांनी ते बंद डब्यात भरून, वापरलेले तेल अधिकृतपणे पुनर्प्रक्रियेस पाठवणाऱ्या गॅरेजात द्यावे.

सारांश

मोठ्या किलोमीटरच्या गाडीचे जुने तेल बदलावे काय, या प्रश्नाचे उत्तर असे आहे : गिअरबॉक्स निरोगी असेल तर अवश्य बदलावे, योग्य जातीच्या तेलाने, मोजून आणि स्वयंचलित गाडीत टप्प्याटप्प्याने. गिअरबॉक्स आजारी असेल तर आधी निदान करावे, कारण तेल हे पथ्य आहे, शस्त्रक्रिया नव्हे. आणि गाडी मूक असली तरी तिला वेळापत्रक असते, ते आपण लिहून ठेवावे. मीटरशेजारी चिकटवलेली एक लहानशी चिठ्ठी, तीवर तारीख, किलोमीटर आणि तेलाचे नाव, एवढ्याने पुढचा मेकॅनिक काय म्हणतो यावर विसंबण्याची पाळी येत नाही. खमरियाच्या निर्माणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीवर तारीख असते. त्या पेट्या भरण्यात उमर घालवलेल्या हातांना ही चिठ्ठी लिहिणे अवघड वाटू नये.